दोन घरांमधली एक मीटर जागा: स्टोनलीतल्या आमच्या एक्स्टेंशनची हकीगत

२० फेब्रुवारी २०२६ रोजी आमच्या वाढीव बांधकामाचे पूर्तता प्रमाणपत्र ई-मेलने आले आणि दीड वर्ष चाललेले एक काम संपले. राहत्या घराला दोन खोल्या वाढवायच्या, एवढाच बेत होता. पण सुरुवातीचे कितीतरी आठवडे कोणत्या कागदासाठी कोणाचे दार ठोठवायचे हेच आम्हांला उमगत नव्हते. मराठीत याविषयी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून तारखा, खर्च आणि आमच्या चुका यांसह सगळे येथे लिहून ठेवते आहे. मी लिहिते आहे ते इंग्लंडपुरते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत.

आमचे घर स्टोनली या उपनगरात, सरे काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश) एप्सम अँड यूएल बरोमध्ये (बरो म्हणजे नगरपालिकेसारखा विभाग) आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून गाडीने सुमारे अर्ध्या तासात येथे पोहोचता येते, स्थानक लंडनच्या पाचव्या तिकीट-झोनमध्ये येते आणि लंडनच्या लाल बसगाड्याही बरोभर फिरतात. तरी प्रशासनाच्या दृष्टीने हे लंडन नाही. १९३२ साली येथे रेल्वेस्थानक झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेतांच्या जागी जोडघरांच्या रांगा उभ्या राहिल्या. जोडघर म्हणजे मधली भिंत सामाईक असलेली दोन घरे: पुढे गोलसर बे-विंडो, वर दोन्ही घरांवर मिळून एकच चौपाखी कौलारू छप्पर, आणि एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत गॅरेजकडे जाणारी एक मोकळी पट्टी. या मोकळ्या पट्टीनेच आमचे सहा महिने घेतले.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेटर लंडनची आखणी चालू होती तेव्हा हा बरोही त्यात घ्यावा असा प्रस्ताव होता, पण येथल्या लोकांनी आणि कौन्सिलने तो यशस्वीपणे परतवला. १९३७ साली बरोचा दर्जा मिळाल्यापासून आजवर येथे राष्ट्रीय पक्षांची नव्हे, तर रहिवासी संघांची सत्ता आहे. आपापल्या वस्तीच्या संघातर्फे उभे राहिलेले उमेदवारच बहुसंख्येने निवडून येतात, ही गोष्ट साऱ्या देशात वेगळी म्हणून ओळखली जाते. येथे राहायला आल्यावर दारात पडणारी संघाची छोटी पत्रके मी न वाचताच कागदाच्या डब्यात टाकत असे. पुढे कळले की कोणत्या रस्त्यावर कसले बांधकाम येऊ घातले आहे, ते सर्वांत आधी त्या पत्रकांतच छापलेले असते.

आमची गरज साधी होती. सासू-सासरे साताऱ्याहून दर एक-दोन वर्षांनी येतात. पाहुण्यांच्या व्हिसावर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने राहता येते. २०२४ च्या उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्नानगृह वरच्या मजल्यावर असलेल्या घरात त्यांनी राहायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. मुलगा आणि मुलगी एकाच खोलीत होती आणि मुलगी बारा वर्षांची झाली होती. म्हणून तळमजल्यावर न्हाणीघरासह एक खोली आणि वर मुलीसाठी एक छोटी खोली, असे ऑगस्टमध्ये ठरले. जागा एकच होती: बाजूचे जुने, गाडी न मावणारे गॅरेज पाडून तेथे दोन मजले चढवायचे आणि मागे स्वयंपाकघर थोडे वाढवायचे.

पहिला घोटाळा ‘कौन्सिल’ या एकाच शब्दाने झाला. येथे कौन्सिले दोन आहेत. बरो कौन्सिल नियोजन परवानगी देते, कचरा उचलते, उद्याने सांभाळते, मतदारयादी ठेवते आणि कौन्सिल टॅक्स गोळा करते. सरे काउंटी कौन्सिलकडे रस्ते, पदपथ, शाळा, ग्रंथालये, समाजसेवा आणि गोळा झालेल्या कचऱ्याची विल्हेवाट ही कामे आहेत. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि बरो म्हणजे नगरपालिका, असे समीकरण मी मनाशी मांडले. ते समजून घ्यायला उपयोगी पडले, पण पूर्ण बरोबर नव्हते. आपल्याकडे जिल्हा परिषद शहराच्या हद्दीबाहेर थांबते, तर येथे दोन्ही कौन्सिले एकाच दारात असतात. कौन्सिल टॅक्सचे बिल नीट वाचल्यावर हे स्पष्ट झाले: सुमारे तीन चतुर्थांश रक्कम काउंटीला जाते, मग पोलिसांचा वाटा असतो, आणि जी बरो बिल पाठवते तिच्या हाती दहा पौंडांतला साधारण एकच पौंड राहतो. घरासमोरच्या पदपथाची कड गाडीसाठी उतरती करून हवी होती, तेव्हा मी दोन आठवडे बरोकडे पत्रव्यवहार केला. ते काम काउंटीच्या रस्ते विभागाचे होते. कोणताही अर्ज करण्यापूर्वी ‘हे काम कोणाचे?’ एवढे विचारून घेतले असते तर ते दोन आठवडे वाचले असते.

दुसरी गोष्ट समजून घ्यायला लागली ती म्हणजे परवानगीशिवाय काय करता येते. इंग्लंडमध्ये ठरावीक मर्यादेतल्या बांधकामाला कायद्यानेच परवानगी दिलेली असते. जोडघराला मागच्या बाजूने एकमजली, ३ मीटरपर्यंतची वाढ नियोजन अर्जाशिवाय करता येते. शेजाऱ्यांना कळवण्याच्या वेगळ्या, ४२ दिवसांच्या प्रक्रियेतून ती ६ मीटरपर्यंत नेता येते. मोजमाप ‘मूळ घरा’पासून करायचे आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी ते जसे उभे होते तसे. मधल्या काळात आधीच्या मालकाने काही वाढवले असेल तर ते तुमच्या वाट्यातून वजा होते. बाजूची दुमजली वाढ मात्र या सवलतीत बसत नाही. आम्हांला पूर्ण अर्ज करणे भाग होते.

एका ओळखीच्या कुटुंबाने सुचवलेल्या ड्राफ्ट्समनने सप्टेंबरात येऊन घर मोजले आणि ऑक्टोबरअखेर आराखडे दिले. त्याचे १,६५० पौंड झाले. आम्ही त्याला सांगितले होते की जागा जितकी मिळेल तितकी घ्या, आणि त्याने तसेच केले: दोन्ही मजले थेट कुंपणापर्यंत, पुढची भिंत जुन्या घराच्या भिंतीशी एका रेषेत, छप्पराचे आढे जुन्या आढ्याच्याच उंचीवर. कागदावर ते भरभक्कम आणि नीटनेटके दिसत होते.

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी आम्ही प्लॅनिंग पोर्टल या संकेतस्थळावरून अर्ज भरला. तेव्हा घरगुती अर्जाचे शुल्क २५८ पौंड होते. पोर्टलचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. चार दिवसांनी उत्तर आले की अर्ज ग्राह्य धरता येत नाही, कारण एका नकाशावर मापपट्टी नव्हती आणि स्थळनकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. स्थळनकाशा १:१२५० या प्रमाणात हवा, घराच्या हद्दीभोवती लाल रेघ हवी, आधीची आणि नंतरची अशी प्रत्येक बाजूची चित्रे हवीत. पायाभूत सुविधांच्या आकारणीचा एक फॉर्मही भरावा लागतो. वाढ १०० चौरस मीटरपेक्षा कमी असल्याने आकारणी शून्य आली, पण फॉर्म टळला नाही. अर्ज ५ डिसेंबरला ग्राह्य झाला. निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत या तारखेपासून मोजतात, अर्ज भरल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे आमच्यासाठी ३० जानेवारी.

शेजाऱ्यांना पत्रे गेली आणि हरकतींसाठी २१ दिवस मिळाले. अर्ज, नकाशे, हरकती हे सारे बरोच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. २८ डिसेंबरच्या रात्री, मुले झोपल्यावर, मी सवयीने ते पान उघडले आणि तेथे एक हरकत दिसली. पत्ता मोकळ्या पट्टीच्या पलीकडच्या घराचा होता. त्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई एकट्या राहतात. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हांला जॅमची बाटली आणून दिली होती. पत्र चार ओळींचे होते. त्यांच्या स्वयंपाकघराची एकमेव खिडकी त्या पट्टीकडे उघडते, दुपारनंतरचा उजेड तेथूनच येतो, आणि आपल्या रस्त्यावरची घरे एकमेकांना चिकटलेली नाहीत हे आपल्याला नेहमी आवडत आले आहे, असे त्यांनी लिहिले होते.

मला वाईट वाटले आणि रागही आला. त्यांनी आमच्याशी न बोलता सरकारदरबारी कसे लिहिले, हाच विचार रात्रभर मनात घोळत राहिला. सकाळी नवऱ्याने शांतपणे विचारले, “आपण तरी त्यांच्याशी कुठे बोललो होतो?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नकाशे तयार झाले तेव्हा दहा पावलांवरच्या दारापर्यंत जाणे आम्हांला सुचले नव्हते. त्यांना आमचा बेत कौन्सिलच्या पाकिटातून कळला होता.

जानेवारीत अर्ज हाताळणाऱ्या अधिकारी बाई घर पाहून गेल्या. दरम्यान मी आमच्या वॉर्डच्या कौन्सिलरना भेटले. त्यांनी सांगितले की बहुतेक घरगुती अर्जांचा निकाल अधिकाऱ्यांच्या पातळीवरच लागतो. कौन्सिलरने नियोजनाचे कारण देऊन तशी मागणी केली तरच अर्ज नियोजन समितीपुढे जातो. स्वतःचे मत मात्र त्या देणार नव्हत्या, कारण प्रकरण समितीपुढे आले तर आधीच मत बनवलेल्या सदस्याला त्यावर मतदान करता येत नाही. ‘आमचे काम करून द्या’ म्हणून लोकप्रतिनिधीकडे जाण्याची सवय असलेल्या मला हे आरंभी कोरडे वाटले. पण त्यांनी एक गोष्ट सुचवली, ती मोलाची ठरली: समितीची एखादी सभा प्रेक्षकांत बसून ऐका.

सभा एप्सममधल्या टाउन हॉलमध्ये संध्याकाळी होती. येथील कौन्सिल मंत्रिमंडळासारख्या पद्धतीने नव्हे, तर समित्यांच्या पद्धतीने चालते, त्यामुळे निर्णय खरोखरच त्या टेबलाभोवती होतात. त्या दिवशी कोणाच्या तरी परसात दोन नवी घरे बांधण्याचा अर्ज होता. विरोधक काही मिनिटे बोलले, मग अर्जदार, मग सदस्यांची चर्चा झाली. तासभरात ‘परिसराचे स्वरूप’ हा शब्द मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. इंग्रजीतला ‘कॅरॅक्टर’ हा शब्द माणसाच्या स्वभावासाठी वापरतात तसाच तो येथे रस्त्यासाठी वापरत होते, आणि त्यावर एका कुटुंबाचे काही लाख पौंड अवलंबून होते. हा शब्द म्हणजे नकार देण्याचे एक मोघम निमित्त आहे, असे तोवर मला वाटत होते. सभेत मात्र एक सदस्य नकाशावर बोट ठेवून सांगत होते की कुंपणाची झुडपे किती उंच आहेत, घरांमधले अंतर किती आहे, कोणत्या झाडाचा शेंडा रस्त्यावरून दिसतो. त्यांनी ती जागा चालून पाहिली होती.

२२ जानेवारीला अधिकारी बाईंचा ई-मेल आला. अर्ज या स्वरूपात मंजूर होण्यासारखा नाही. नकार स्वीकारावा किंवा अर्ज मागे घ्यावा. कारणे तीन होती. दुमजली वाढ थेट हद्दीपर्यंत गेल्याने पुढे शेजाऱ्यांनीही तसेच केले तर सुटी जोडघरे सलग चाळीसारखी दिसू लागतील. पुढची भिंत आणि आढे जुन्या घराच्या रेषेत असल्याने जोडीचा तोल जातो. आणि शेजारच्या खिडकीच्या उजेडावर परिणाम होतो. नकारावर सरकारच्या नियोजन निरीक्षकांकडे अपील करता येते, त्याला शुल्क नाही आणि मुदत १२ आठवड्यांची असते. आम्ही त्याचा विचार केला. पण ई-मेल पुन्हा वाचल्यावर जाणवले की मागे घेऊन सुधारणे हाच रस्ता आहे, आणि २७ जानेवारीला अर्ज मागे घेतला. एक गोष्ट लक्षात ठेवावी: पूर्वी मागे घेतलेल्या किंवा नाकारलेल्या अर्जानंतर एकदा विनाशुल्क पुन्हा अर्ज करता येत असे, डिसेंबर २०२३ पासून ती सवलत बंद झाली आहे. आमचे २५८ पौंड गेले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर, टपालपेटीपाशी उभी राहिले. साडेचार-पाचचा सुमार होता. पाच वर्षे त्या रस्त्यावर राहून मी तो कधी समोरून पाहिला नव्हता. छपरांच्या ओळी काळ्या पडल्या होत्या आणि प्रत्येक दोन जोड्यांच्या मधून मावळतीचा नारिंगी उजेड उभ्या पट्टीसारखा रस्त्यावर येत होता. त्या पट्ट्यांतून मागच्या बागांतली झाडे दिसत होती. मी डावीकडून मोजत गेले. सहाव्या जोडीपाशी उजेड नव्हता. तेथे कधीकाळी दोन्ही घरांनी हद्दीपर्यंत बांधले होते आणि पाखी एकमेकांत अडकल्यासारखी दिसत होती. आजीबाईंच्या पत्रातली शेवटची ओळ आणि अधिकाऱ्यांच्या ई-मेलमधले पहिले कारण ही एकच गोष्ट होती, हे मला तेथे उभे राहून कळले. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला होता आणि खिडकीत केटलीची वाफ दिसत होती.

पुढच्या शनिवारी मी नकाशांची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा केला. आधी दार वाजवायला हवे होते, असे मी म्हटले. त्यांनीही, आपण लिहिण्यापूर्वी यायला हवे होते, असे म्हटले. मग त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवले. तेथे बसल्यावर आमची भिंत वर चढल्यास नेमके काय झाकले जाईल ते पेन्सिलीच्या चित्राशिवायही दिसत होते. बाबांच्या गुडघ्याविषयी आणि मुलीच्या खोलीविषयी मी सांगितले. तळमजला कुंपणापर्यंत आला तरी त्याला त्यांची हरकत नव्हती, कारण तेथे आधीच आमच्या गॅरेजची भिंत होती. प्रश्न वरच्या मजल्याचा होता.

नवा आराखडा या बोलण्यावरच उभा राहिला. खाली बाबांसाठीची खोली पूर्ण रुंदीची ठेवली. वरचा मजला हद्दीपासून एक मीटर आत घेतला, पुढच्या बाजूनेही मागे सरकवला, आढे खाली उतरवले आणि पाख्याचा उतार जुन्या छपराशी मिळता केला, म्हणजे नवे बांधकाम जुन्याच्या ओंजळीत बसेल. मुलीची खोली २.१ मीटर रुंद उरली. तिने स्वतः मोजपट्टी घेऊन जमिनीवर खडूने ती आखली, पलंग आणि टेबल बसते का ते पाहिले आणि होकार दिला.

सुधारित नकाशे मार्चअखेरपर्यंत हवे होते, कारण १ एप्रिल २०२५ पासून शुल्क वाढणार असल्याचे जाहीर झाले होते. ते आमच्या हाती ३ एप्रिलला पडले आणि ४ एप्रिलला केलेल्या अर्जाला २५८ ऐवजी ५२८ पौंड भरावे लागले. नकाशे काढणाऱ्याकडून तारीख लेखी घेतलेली नव्हती, ती घ्यायला हवी होती. अर्ज १० एप्रिलला ग्राह्य झाला. या वेळी एकही हरकत आली नाही. आजीबाईंनी दोन ओळींचे पत्र पाठवून आपली हरकत नसल्याचे कळवले. त्या वसंतात काउंटी कौन्सिलची निवडणूक व्हायची होती, पण सरेतल्या कौन्सिलांची फेररचना होणार असल्याने ती वर्षभर पुढे ढकलली गेली. येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून कौन्सिलांच्या निवडणुकांत मतदान करता येते आणि ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. ज्यांनी अजून नाव नोंदवलेले नाही त्यांनी अवश्य नोंदवावे, कारण आपल्या घराविषयीचे निर्णय हीच निवडून आलेली माणसे घेतात.

३ जून २०२५ रोजी मंजुरी आली. अटी चार होत्या: तीन वर्षांत काम सुरू करणे, मंजूर नकाशांप्रमाणेच बांधणे, विटा आणि कौले जुन्या घराशी जुळणारी वापरणे, आणि बाजूच्या खिडकीला दुधी काच बसवून ती खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खाली न उघडणारी ठेवणे. अटींचा कागद बिल्डरला पहिल्याच दिवशी द्यावा. आमच्या बिल्डरने साधी काच मागवली होती, ती वेळीच बदलता आली.

परवानगी मिळाली म्हणजे बांधायला मोकळे झालो, असे आम्हांला वाटले. ते खरे नव्हते. १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्यांना नोटीस द्यावी लागते: सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर दोन महिने आधी, आणि शेजारच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल तर एक महिना आधी. शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी संमती दिली नाही तर वाद आहे असे कायदा मानतो आणि सर्व्हेअर नेमावा लागतो. जोडीतल्या शेजाऱ्यांनी लगेच सही केली. आजीबाईंच्या मुलाने सर्व्हेअर असावा असे सुचवले आणि दोघांत मिळून एकच नेमला. त्याचे ९५० पौंड आम्ही दिले. सर्व्हेअरने त्यांच्या भिंतींवरच्या जुन्या भेगांची छायाचित्रांसह नोंद केली, ती दोन्ही घरांच्या हिताची होती.

मागच्या अंगणात दोन्ही घरांचे सांडपाणी वाहून नेणारा नळ आहे. अशा सामाईक वाहिन्या ऑक्टोबर २०११ पासून सांडपाणी कंपन्यांच्या मालकीच्या झाल्या आहेत. त्यामुळे त्यावर किंवा त्याच्या ३ मीटरच्या आत बांधताना कंपनीची संमती लागते. आम्हांला ती साडेतीन आठवड्यांत मिळाली.

बांधकामाच्या दर्जाची तपासणी हा आणखी वेगळा विभाग. नियोजन परवानगी घर कसे दिसेल ते पाहते. इमारत नियमांची तपासणी ते उभे राहील का, जळणार नाही ना, थंडी आत येणार नाही ना, हे पाहते. ती कौन्सिलकडून किंवा नोंदणीकृत खासगी तपासनिसाकडून करून घेता येते. आम्ही खासगी निवडला. त्याने काम सुरू होण्याच्या पाच कामाच्या दिवसांआधी बरोला सूचना दिली आणि १ सप्टेंबरला गॅरेज पडले.

पाया खणताना तिसऱ्या दिवशी काम थांबले. यूएल गावात चुनखडीचा खडक जेथे चिकणमातीखाली जातो तेथेच झरे फुटतात आणि हॉग्जमिल नदी उगम पावते. स्टोनली मात्र मुख्यतः चिकणमातीवर वसले आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळी हिवाळ्यात फुगते, आणि जवळ मोठे झाड असेल तर अधिकच. चरात उतरून तपासनिसाने करड्या-निळसर मातीचा गोळा उचलला, बोटांत दाबला, त्यातली केसासारखी मुळे मला दाखवली आणि एक मीटरऐवजी १.८ मीटर खोल जायला सांगितले. त्यामुळे काँक्रीट आणि मजुरीचे २,४०० पौंड वाढले. अशा खर्चासाठी एकूण रकमेच्या दहा टक्के बाजूला ठेवावेत, असे जे सगळे सांगतात, ते ऐकावे.

त्यापुढचे महिने धूळ, पाऊस आणि दिवाणखान्यात मांडलेली तात्पुरती शेगडी यांत गेले. प्रत्येक बांधकामात असते तेच, म्हणून ते विस्ताराने लिहीत नाही. २८ ऑक्टोबरला, वरच्या मजल्याच्या तुळया बसत असताना, सरकारने जाहीर केले की सरेतली काउंटी आणि अकरा बरो-डिस्ट्रिक्ट कौन्सिले बंद होऊन पूर्व सरे आणि पश्चिम सरे अशी दोन एकस्तरीय कौन्सिले येतील. एप्रिल २०२७ पासून एप्सम अँड यूएल पूर्व सरेत जाईल. सुरुवातीला मला जी दोन कौन्सिलांची गल्लत भोवली ती पुढच्या माणसाला भोवणार नाही, याचे बरे वाटते. मात्र टाउन हॉलमधल्या त्या टेबलाभोवती आमचा रस्ता पायी चालून पाहिलेली माणसे बसलेली असत, आणि एवढ्या मोठ्या कौन्सिलमध्ये ती तशीच राहावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बांधकामाचा एकूण खर्च २० टक्के व्हॅटसह १ लाख १२ हजार पौंड झाला. कागदपत्रे, शुल्के आणि सर्व्हेअर यांचे सुमारे ५,४०० पौंड त्याखेरीज. कौन्सिल टॅक्सचा गट लगेच वाढत नाही. गट एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरलेले आहेत आणि वाढीव बांधकामाचा विचार घर विकले गेल्यावरच होतो. मंजुरीचा आणि अटींचा कागद, मंजूर नकाशे, सामाईक भिंतीचा करार, सांडपाणी कंपनीची संमती आणि पूर्तता प्रमाणपत्र हे सारे एका फाइलमध्ये छापून ठेवा आणि त्यांच्या प्रतीही काढा, कारण घर विकताना घेणाऱ्याचा वकील ते मागतो आणि तोवर बरोचे संकेतस्थळ नव्या कौन्सिलकडे गेलेले असेल.

आई-बाबा १४ मार्चला येत आहेत. खालच्या न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसवून झाले आहेत. काल संध्याकाळी मी पुन्हा टपालपेटीपाशी जाऊन उभी राहिले. आमच्या आणि आजीबाईंच्या घरामधली पट्टी आता पूर्वीपेक्षा अरुंद आहे, पण वरच्या मजल्याच्या उंचीवर तिच्यातून उजेड येतो.